चूक कोणाची? स्पॅनिशमध्ये दोष घेणं, देणं आणि झटकणं

वालेन्सियातल्या त्या स्वयंपाकघरात माझ्या हातून कप फुटला, तेव्हा मला स्पॅनिश शिकायला लागून आठ महिने झाले होते. आवाज ऐकून घरमालकीणबाई पलीकडच्या खोलीतून आल्या. मी मनात घाईघाईने इंग्रजी वाक्य जुळवलं, त्याचं स्पॅनिश केलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हटलं, "यो रोम्पी ला तासा." बाईंनी भुवया उंचावल्या. "आ प्रोपोसितो?" म्हणजे, मुद्दाम?

व्याकरणात माझं काहीच चुकलं नव्हतं. पण मी बोलले त्याचा सूर "कप मी फोडला" असा होता, तोही "मी"वर जोर देऊन. हातातून निसटलेल्या कपाबद्दल कोणता मराठी माणूस असं बोलतो? आपण म्हणतो, "माझ्या हातून कप फुटला." स्पॅनिश माणूसही तसंच म्हणतो. आठ महिने मी इंग्रजीच्या दारावर धडका देत होते आणि शेजारचं मराठी दार सताड उघडं होतं.

तेव्हापासून नव्याने स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. चूक, दोष, माफी यांबद्दल बोलायचं असेल तेव्हा आधी मराठीत विचार करा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ येत असेल तर एवढ्यावर काम भागेल.

आधी उच्चाराबद्दल थोडं. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दाती आहेत, आणि प, क यांत हवा सोडायची नसते. इंग्रजी माध्यमातून शिकलेली मंडळी उगाच ट, ड करतात, ते करू नका. लिहिताना जिथे व्ही असतो तिथे उच्चार ब असतो, म्हणून मी "ओल्बिदार" असं लिहिते आहे. आणि जोर कुठे पडतो याकडे लक्ष द्या. "कुल्पो" मध्ये कु-वर जोर दिला तर "मी दोष देते", शेवटच्या अक्षरावर दिला तर "त्याने दोष दिला". दोष कोण कुणाला देतंय हेच उलटंपालटं होतं.

पहिली पायरी: "कुल्पा" आणि तिची तीन क्रियापदं

दोष म्हणजे "ला कुल्पा". शब्द लॅटिनमधून आलेला, स्त्रीलिंगी. पोर्तुगीजमध्येही हाच शब्द आहे, त्यामुळे गोव्यातल्या जुन्या घरांतून पोर्तुगीज ऐकलेल्यांना तो परका वाटणार नाही. स्पॅनिश प्रार्थनेत "पोर मि कुल्पा, पोर मि कुल्पा, पोर मि ग्रान कुल्पा" असं म्हणत छातीवर हात मारतात. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना ती खूण ओळखीची असेल. रोजच्या बोलण्यातही कोणी हसत हसत छातीवर हात मारून हेच म्हणतो, तेव्हा त्याला कबूल करायचं असतं की "हो बाबा, माझंच चुकलं".

"तेनेर ला कुल्पा" म्हणजे शब्दशः दोष असणे, जवळ बाळगणे. "यो तेंगो ला कुल्पा", दोष माझा. "किएन तिएने ला कुल्पा?", चूक कोणाची? इथे "ला" हा उपपद शब्द गाळू नका. "ला" आलं की सगळा दोष तुमचा. थोडाच वाटा उचलायचा असेल तर "तेंगो पार्ते दे कुल्पा" म्हणा. आणि काहीच दोष नसेल तर "नो तेंगो निंगुना कुल्पा".

दुसरं क्रियापद "सेर", म्हणजे असणे. "ला कुल्पा एस मिया", "एस कुल्पा मिया" किंवा "एस मि कुल्पा", तिन्हींचा अर्थ एकच. स्पेनमध्ये "कुल्पा मिया" जास्त कानावर पडतं, लॅटिन अमेरिकेत "मि कुल्पा" सर्रास. दुसऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर "दे" लावा: "ला कुल्पा एस दे मि एर्मानो", चूक माझ्या भावाची. भांडण मिटवायचं असेल तेव्हा "नो एस कुल्पा दे नादिए", कोणाचीच चूक नाही.

तिसरं "एचार", म्हणजे टाकणे, फेकणे. "एचार ला कुल्पा आ" म्हणजे कुणावर दोष टाकणे. आपण ढकलतो, खापर फोडतो. स्पॅनिश माणूस फेकतो. "मे एचो ला कुल्पा", त्याने खापर माझ्यावर फोडलं. "सिएम्प्रे ले एचास ला कुल्पा आल त्राफिको", तू नेहमी ट्रॅफिकला दोष देतोस. या वाक्यात "ले" आणि "आल त्राफिको" दोन्ही आहेत, एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख. नवख्याला ते चुकीचं वाटतं, पण हेच बरोबर आहे. "मला दोष देऊ नकोस" म्हणायला "नो मे एचेस ला कुल्पा" हे जसंच्या तसं पाठ करून टाका. त्यामागचं व्याकरण वर्षभराने शिकलात तरी चालेल. लिहिताना मात्र या क्रियापदाला सुरुवातीला एच अक्षर नसतं. "केलेलं" या अर्थाचा, अगदी तसाच ऐकू येणारा एक शब्द एच लावून लिहितात. स्पॅनिश लोकही मेसेजमध्ये इथे चुकतात, त्यामुळे तुमचं चुकलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

"कुल्पार" असं थेट क्रियापदही आहे: "कुल्पारोन आल गोबिएर्नो दे ला क्रिसिस", संकटाचा ठपका सरकारवर ठेवला. त्याला वर्तमानपत्राचा वास येतो. मैत्रिणीशी बोलताना "एचार"च बरं.

पुढे जायची घाई असलेल्यांसाठी एक वाक्य: "यो नो तेंगो ला कुल्पा दे के युएबा." पाऊस पडतोय यात माझा काय दोष? "ला कुल्पा दे के" नंतर क्रियापदाचं वेगळं रूप येतं, म्हणून "युएबे" ऐवजी "युएबा".

दुसरी पायरी: "माझ्या हातून" म्हणायला शिका

इथे जरा थांबू. हा भाग पुस्तकांत बहुधा शेवटच्या प्रकरणांत ढकललेला असतो आणि तिथे पोहोचेपर्यंत सवय बिघडलेली असते.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे. पडणे आणि पाडणे. जळणे आणि जाळणे. पहिल्यात गोष्ट आपली आपण घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. इंग्रजीत बहुतेक वेळा दोन्हींना एकच शब्द, म्हणून तिथला शिक्षक हा फरक समजावताना घामाघूम होतो. आपल्याला तो दूध पिताना शिकवलेला असतो. स्पॅनिशमध्ये "रोम्पेर" म्हणजे फोडणे, "रोम्पेर्से" म्हणजे फुटणे. "केमार" जाळणे, "केमार्से" जळणे. एक "से" लागला की फोडण्याचं फुटणं होतं.

आता त्या फुटण्यात "मे" घाला. "से मे रोम्पियो ला तासा." कप फुटला, आणि तो माझ्या बाबतीत, माझ्या हातून फुटला. तुझ्या हातून असेल तर "से ते", त्याच्या-तिच्या हातून "से ले", आमच्या हातून "से नोस". नाव घ्यायचं असेल तर सुरुवातीला "आ" लावून: "आ मि मादरे से ले केमो एल आर्रोस", आईच्या हातून भात करपला.

क्रियापद कुणाप्रमाणे चालतं? मराठीसारखंच, वस्तूप्रमाणे. चावी हरवली, चाव्या हरवल्या. "से मे पेर्दियो ला याबे", "से मे पेर्दिएरोन लास याबेस". हरवणारी मी एकटीच, पण चाव्या अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीतून येणाऱ्यांचं इथे हमखास चुकतं. आपल्याला "माझ्याकडून चाव्या हरवल्या" आठवलं की पुरे.

रोज लागणारी काही वाक्यं अशी. "से मे ओल्बिदो", मला विसर पडला. "से मे ओल्बिदो यामार्ते", तुला फोन करायचं राहून गेलं. "से मे इसो तार्दे", मला उशीर झाला. "से मे पासो", माझ्या लक्षातून निसटलं. "से नोस आकाबो ला गासोलिना", आमचं पेट्रोल संपलं. आणि माझं लाडकं, "से मे फुए ला मानो कोन ला साल". शब्दशः मिठाच्या बाबतीत माझा हात सुटला. आमटी खारट झाल्यावर आपल्याकडेही हातालाच बोल लावतात, आज हात जड पडला म्हणून.

स्पेनमध्ये आज, आत्ताच घडलेल्या गोष्टीसाठी थोडा वेगळा काळ वापरतात: "से मे आ काइदो", माझ्या हातून पडलंय. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात त्याच प्रसंगी "से मे कायो" म्हणतील. दोन्हींनी काम होतं.

मी शिकवताना चार पायऱ्यांची एक शिडी फळ्यावर काढते. सगळ्यात खाली "से रोम्पियो": फुटला. कोणाच्या हातून, बोललंच नाही. लहान मुलं यात आणखी "सोला" जोडतात, "से रोम्पियो सोला", आपोआप फुटला. जगभरचे कप मुलांच्या साक्षीने आपोआपच फुटतात. त्यावर "से मे रोम्पियो": माझ्या हातून फुटला, हेतू नव्हता. त्यावर "ला रोम्पी": मी फोडला. आणि सगळ्यात वर "ला रोम्पी आद्रेदे" किंवा "आ प्रोपोसितो": मी मुद्दाम फोडला. मी त्या दिवशी तिसऱ्या पायरीवर उभी राहिले, तेही सुरुवातीला "यो" लावून, आणि बाईंना वाटलं चौथी आहे. खरं तर "ला रोम्पी" म्हटल्याने दरवेळी मुद्दाम असा अर्थ होत नाही. पण "से मे" सहज हाताशी असताना तुम्ही ते टाळलंत, तर ऐकणारा कान टवकारतो. खात्री द्यायची असेल तर पुढे "फुए सिन केरेर" जोडा, चुकून झालं, मनात नव्हतं.

मग स्पॅनिश लोक जबाबदारी टाळतात का? हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी २०११ मध्ये यासंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना छोटे व्हिडिओ दाखवले. काहींत माणूस एखादी गोष्ट मुद्दाम करतो, काहींत ती चुकून होते. मुद्दाम केलेलं कोणी केलं हे दोन्ही गटांना सारखंच लक्षात राहिलं. चुकून झालेलं कोणाच्या हातून झालं हे मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं. मला यातून एवढंच दिसतं की अपघातात माणूस शोधत बसायची सवय इंग्रजी वाक्यरचना लावते. कपाचे तुकडे गोळा करायला आणि नवा कप आणायला वालेन्सियात कोणी मला माफ केलं नाही.

तरी कामाच्या ठिकाणी जपून. एक ईमेल राहून गेला तर "से मे पासो" चालतं. त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा म्हणाल तर साहेब तोंडावर काही बोलणार नाहीत, मनात नोंद करतील.

एक सापळाही सांगते. "से मे मुरियो एल पेर्रो" ऐकलं तर "त्याच्या हातून कुत्रा मेला" असा अर्थ लावू नका. इथे "मे" दोष सांगत नाही, दुःख सांगतो. माझा कुत्रा गेला हो, असं. या वाक्यावर "कसं काय झालं तुझ्या हातून?" विचारणारा एक विद्यार्थी मी पाहिला आहे.

तिसरी पायरी: "मुळे" चे दोन तुकडे करा

इथे मराठी थोडी दगा देते. "तुझ्यामुळे मला नोकरी लागली" आणि "तुझ्यामुळे माझी नोकरी गेली", दोन्हीकडे आपलं "मुळे" बिनतक्रार चालतं. स्पॅनिशमध्ये चांगल्यासाठी "ग्रासियास आ ति", वाईटासाठी "पोर तु कुल्पा". अदलाबदल झाली तर टोमणा तरी होतो, नाहीतर अपमान. "पोर तु कुल्पा कोन्सेगी एल त्राबाहो" म्हणजे तुझ्या पापाने मला नोकरी लागली.

माणूसच हवा असं नाही, पावसालाही दोष देता येतो: "पोर कुल्पा दे ला युबिया". दोष न देता नुसतं कारण सांगायचं असेल तर "देबिदो आ" किंवा "आ काउसा दे" आहेत. स्टेशनवरच्या घोषणेत हेच ऐकू येतं, कारण रेल्वे स्वतःच्या तोंडाने "कुल्पा" हा शब्द कशाला काढेल?

चौथी पायरी: चूक कोणत्या जातीची?

"चूक" या आपल्या एका शब्दासाठी तिकडे चार-पाच वेगळे डबे आहेत.

"एर्रोर" म्हणजे हिशेबात, निर्णयात झालेली चूक. ती "करत" नाहीत, "कोमेतेर" करतात, जसा गुन्हा करतात: "कोमेती उन एर्रोर". त्याहून सोपं आणि जास्त बोललं जाणारं क्रियापद "एकिबोकार्से". "मे एकिबोके", शेवटी जोर देऊन, माझं चुकलं. याला "से मे" लावायचा मोह होईल, तो आवरा. चुकणं स्पॅनिशमध्ये माणसाने स्वतःच करायचं असतं.

"फाल्ता" हा शब्द फसवा. फुटबॉलमधला फाउल म्हणजे फाल्ता, शुद्धलेखनाची चूक म्हणजे "फाल्ता दे ओर्तोग्राफिया". पण "मान्याना सिन फाल्ता" म्हणजे "उद्या चुकीशिवाय" नव्हे, उद्या नक्की. आणि लॅटिन अमेरिकेत कोणी "मे आसेस फाल्ता" म्हटलं तर तुमच्यावर आरोप होत नाहीये, तुमची आठवण येतेय.

"फायो" स्पेनमध्ये बारीकसारीक चूक किंवा यंत्राचा बिघाड. "फायो मियो" म्हणजे माझी गफलत. हाच शब्द न्यायालयाच्या निकालालाही वापरतात. लॅटिन अमेरिकेत बिघाडाला "फाया" म्हणतात, भूगर्भातल्या भेगेलाही फायाच. वालेन्सियात मात्र फाया म्हणजे १९ मार्चच्या रात्री जाळले जाणारे चौकाचौकांतले प्रचंड पुतळे. आपल्या होळीच्याच दिवसांत येणारा तो सण पाहिला की घर आठवतं.

वस्तूतला किंवा स्वभावातला दोष असेल तर "देफेक्तो". शर्टाला भोक असेल तर तो देफेक्तो, कुल्पा नव्हे. आपल्याकडे दोन्हींना दोषच म्हणतात, म्हणून इथे अडखळायला होतं.

आणि भलतंच बोलून बसलात तर "मेती ला पाता", मी पंजा घातला. हे हसत कबूल करता येतं, कुठल्याही देशात चालतं. मेक्सिकोत "ला रेगे" ऐकाल, माती केली अशा अर्थाने. याहून तिखट शब्दही आहेत. ते मित्रच शिकवतात, माझी गरज नाही.

पाचवी पायरी: माफी, आणि ती कशाची

तीन शब्दांचं गणित बसवायचं आहे. "लो सिएन्तो", "पेर्दोन", "दिस्कुल्पे".

"लो सिएन्तो" म्हणजे मला ते जाणवतं, वाईट वाटतं. त्यात दोष कबूल केलेला असेलच असं नाही. कुणाचे वडील गेले तरी "लो सिएन्तो मुचो" म्हणतात, तिथे "पेर्दोन" म्हणणं विचित्र होईल. गर्दीत धक्का लागला तर "पेर्दोन". वाट मागायची असेल, अजून धक्का लागायचा असेल, तर "कोन पेर्मिसो".

"दिस्कुल्पे" फोडून पाहा: "दिस" आणि "कुल्पा". माझ्यावरची कुल्पा काढून टाका. वेटरला हाक मारताना, रस्ता विचारताना हाच शब्द. तू म्हणायच्या माणसाला "दिस्कुल्पा", "पेर्दोना". तुम्ही म्हणायच्या माणसाला "दिस्कुल्पे", "पेर्दोने". अर्जेंटिनात तू-च्या जागी "बोस" चालतं, तिथे "दिस्कुल्पा" आणि "पेर्दोना" यांचा जोर शेवटी जातो. रीतसर माफी मागणे म्हणजे "पेदिर दिस्कुल्पास". त्याहून खोल "पेदिर पेर्दोन". मार्च २०१९ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी स्पेनच्या राजाला पत्र लिहून, स्पेनने मेक्सिको जिंकताना केलेल्या अत्याचारांबद्दल क्षमा मागावी अशी मागणी केली, तेव्हा दोन्ही देशांत वाद पेटला तो "पेदिर पेर्दोन" वरून. स्पेनच्या सरकारने ती मागणी फेटाळली. बसमध्ये पाय पडल्यावर पुटपुटायचा शब्द दोन देशांमध्ये असा अडकून बसतो.

कोलंबियात "के पेना कोन उस्तेद" ऐकलं तर ती माफी आहे, मला अगदी ओशाळल्यासारखं झालं अशी. स्पेनमध्ये "के पेना" म्हणजे नुसतं अरेरे.

माफीचं वाक्य कसं रचतात हे पाहायला एक खरा नमुना घेऊ. एप्रिल २०१२. स्पेन आर्थिक संकटात, काम करू शकणाऱ्या दर चार जणांत जवळपास एक बेकार. राजे हुआन कार्लोस बोत्स्वानाला हत्तीच्या शिकारीला गेले, तिथे पडून खुबा मोडला, आणि त्यामुळेच ती सहल लोकांना कळली. माद्रिदच्या रुग्णालयातून बाहेर पडताना १८ एप्रिलला ते कॅमेऱ्यासमोर म्हणाले: "लो सिएन्तो मुचो. मे ए एकिबोकादो इ नो बोल्बेरा आ ओकुर्रिर." मला फार वाईट वाटतं. माझं चुकलं आणि पुन्हा असं होणार नाही.

आधी भावना. मग "मे ए एकिबोकादो", कर्ता मी, मधे "से मे" नाही, कारण हत्तीची शिकार हातून निसटत नसते. मग हमी. "कुल्पा" हा शब्द कुठेही नाही, आणि नेमकं काय चुकलं तेही नाही. लोकांनी ते वाक्य तोंडपाठ केलं, त्याची नक्कल केली, विनोद केले. दोन वर्षांनी, जून २०१४ मध्ये, राजांनी गादी सोडली. तुम्हाला ऑफिसात खरी माफी मागायची वेळ आली तर हा साचा उत्तम आहे, फक्त मधे काय चुकलं ते सांगायला विसरू नका.

सहावी पायरी: मन खातं तेव्हा

अपराधी असणे म्हणजे "सेर कुल्पाब्ले". इथे "एस्तार" नाही, "सेर"च. अपराधी वाटणे म्हणजे "सेन्तिर्से कुल्पाब्ले": "मे सिएन्तो कुल्पाब्ले". हे रोज लागतं, आईला फोन केला नाही इथपासून केकचा दुसरा तुकडा खाल्ला इथपर्यंत.

याहून सुंदर आहे "मे रेमुएर्दे ला कोन्सिएन्सिया". "मोर्देर" म्हणजे चावणे, "रेमोर्देर" म्हणजे पुन्हा पुन्हा चावणे. सदसद्विवेक मला चावतोय. आपण म्हणतो, मन खातंय. मनाला दात आहेत यावर दोन्ही भाषांचं एकमत आहे. पश्चात्तापाला "एल गुसानो दे ला कोन्सिएन्सिया", मनातला किडा, असंही म्हणतात. घरी वाया जाणारं अन्न पाहून जीव चुटपुटतो त्याला "मे दा कार्गो दे कोन्सिएन्सिया".

न्यायालय आणि विमा याबद्दल थोडक्यात, पण लक्षात ठेवा. लॅटिन अमेरिकेतल्या बातमीत "ओमिसिदियो कुल्पोसो" वाचलं तर तो "अपराधी खून" नव्हे, निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू. कायद्याच्या भाषेत कुल्पा म्हणजे हयगय, आणि हेतुपुरस्सर केलेल्याला "दोलोसो" म्हणतात. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत पहिल्याला "इम्प्रुदेन्ते" म्हटलं आहे. स्पेनमध्ये गाडीला गाडी घासली तर दोन्ही चालक मिळून "पार्ते आमिस्तोसो" नावाचा फॉर्म भरतात. त्यावर काय घडलं ते लिहायचं असतं, सही केली म्हणजे दोष मान्य केला असं होत नाही. तेव्हा भर रस्त्यात "ला कुल्पा एस मिया" म्हणायची घाई नको. कोणाला लागलं का एवढं आधी विचारा.

सातवी पायरी: बकरा, बदक आणि प्रेत

म्हणी शिकल्याशिवाय भांडण ऐकण्यात मजा नाही. बळीचा बकरा तिकडेही बकराच आहे: "चिबो एक्स्पियातोरियो". स्पेनमध्ये "काबेसा दे तुर्को", तुर्काचं डोकं, असंही म्हणतात. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगणं म्हणजे "पागार एल पातो", बदकाचे पैसे भरणे, किंवा "पागार लोस प्लातोस रोतोस", फुटक्या ताटल्यांचे पैसे भरणे. चोर सोडून संन्याशाला सुळी हे "पागान हुस्तोस पोर पेकादोरेस": पाप्यांचं सज्जन भरतात.

"एचार्ले एल मुएर्तो आ आल्गिएन", कुणावर प्रेत टाकणे. पूर्वी गावाच्या हद्दीत बेवारस प्रेत सापडलं आणि मारेकरी मिळाला नाही तर गावाला दंड व्हायचा, म्हणून लोक रात्री ते शेजारच्या गावात नेऊन टाकायचे, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कशीही असो, वाक्प्रचार त्यामुळे विसरत नाही. ज्याच्या गळ्यात पडलं तो "कार्गा कोन एल मुएर्तो".

आणि ही म्हण मी अनेकदा वापरते: "एन्त्रे तोदोस ला मातारोन इ एया सोला से मुरियो." सगळ्यांनी मिळून तिला मारलं, आणि ती आपली आपणच मेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कंत्राट का फसलं यावर तासभर चर्चा होऊन कोणाचंच नाव पुढे येत नाही, तेव्हा यापेक्षा नेमकं वाक्य मला सुचत नाही. त्यातलं "से मुरियो" पाहिलंत? आपल्या शिडीची सगळ्यात खालची पायरी.

शेवटी, समोरच्याने माफी मागितली तर

स्पेनमध्ये "नो पासा नादा", काही हरकत नाही. सगळीकडे चालेल असं "नो ते प्रेओकुपेस", मोठ्यांना "नो से प्रेओकुपे". मेक्सिकोत गोष्ट हाताबाहेर गेल्यावर "नि मोदो" म्हणतात, असू दे, आता काय करणार. पण ते ज्याचं नुकसान झालं त्याने म्हणायचं. तुम्ही कुणाचा कप फोडून वर तुम्हीच "नि मोदो" म्हणालात तर निर्लज्जपणा होईल.

आता वही काढा आणि ही पाच वाक्यं स्पॅनिशमध्ये करून पाहा. माझ्या हातून दूध उतू गेलं. चाव्या घरी राहिल्या. तुझ्यामुळे आपली गाडी चुकली. तुझ्यामुळे मी पास झाले. खापर माझ्यावर फोडू नकोस. तिसऱ्यात आणि चौथ्यात "मुळे" कुठे तुटतं ते बघा. दुसऱ्यात क्रियापद अनेकवचनी करायला विसरलात, तर मोठ्याने म्हणा: चाव्या राहिल्या, राहिली नाही.

कपाचं राहिलंच. बाईंच्या "आ प्रोपोसितो?" ला मी तेव्हा घाबरून "सी", म्हणजे हो, म्हटलं होतं, कारण बाईंचा तो शब्द मला माहीतच नव्हता.